नाकाचा नकाशा

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं
दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली.
आता स्वतःचा मोबाईल
सकाळी सहाला पोह्यांच्या डब्यात ठेवते,
वर झाकण घट्ट.
वाजला तर वाजू दे,
पोह्यांना सवय झालीय.

हळद्या दाराशी उभाच असतो.
मार्केट यार्डात जन्मला, पोत्यांच्या थप्पीमागे.
आणला तेव्हा चारही पाय पिवळे;
तीन आंघोळी घातल्या
तरी अंगाला लग्नघराचा वास.
म्हणून हे नाव. दुसरं सुचलंही नाही.

पहिले काही महिने मी त्याला फिरवायची.
चल रे, चल मेल्या,
काय ठेवलंय त्या खांबात?
मग पावसाळ्यात गुडघा धरला,
आणि तो थांबेल तिथं
मला थांबावंच लागलं.
गणपती पेठेच्या मागच्या बोळात
एका बंद शटरपाशी चार मिनिटं.
घड्याळ बघून मोजली.
चार मिनिटं काय वाचत असेल?

त्या संध्याकाळी लेकाची जुनी चित्रकलेची वही काढली,
मागची पानं कोरी होती.

आता तिसरी वही चालू आहे.
सांगलीचाच नकाशा, पण नाकाच्या हिशेबानं.
यात कलेक्टर कचेरी नाही,
बँक नाही, मॉल तर नाहीच.
बशीरभाईंचं सायकलचं दुकान मात्र तळहाताएवढं:
ग्रीस, जुनं रबर,
आणि साडेबाराला उघडणारा खिम्याचा डबा.
भडंगाच्या भट्टीला लाल पेन्सिल,
तिथं तो न चुकता दोनदा शिंकतो.
यल्लव्वाच्या भाजीपाशी नुसता ठिपका.
ती "हाड" म्हणते, हा शेपूट हलवतो,
दोघांचंही समाधान होतं.

नदीकडं उतरताना भिंतींवर पुराची रेघ आहे,
माझ्या डोक्याच्या वर हातभर.
माणसं मान वर करून ती दाखवतात.
हा खाली,
जोत्याच्या फटीत नाक खुपसून उभा.
तिथं काय उरलंय, मी विचारलं नाही.
राखाडी रंगानं एक चौकोन केला
आणि पुढं गेलो.

हरिपूरच्या रस्त्याला चिंचेखाली बसून
कधी त्याचंच चित्र काढते.
अजून एकही पुरं झालेलं नाही.
शेपटीपर्यंत आले की उठतो.

शेजारची ऋतिका मगदूम, वय नऊ,
एकदा लाईट गेली म्हणून आली,
ती आता लाईट असतानाही येते.
तिचं म्हणणं, नकाशात कुत्री पाहिजेत.
तिनं स्वतःच घातली:
वकील, पाटलीण, अर्ध्या कानाचा बाबू,
आणि एक अनोळखी, जो फक्त रविवारी दिसतो.
पाटलीण फार जाड झालीय. खोडायला ती तयार नाही.

शटरचं कोडं तिच्या आजोबांनी सोडवलं.
म्हणाले, "अहो, तिथं हळदकुंकवाची गिरणी होती की,
चौगुल्यांची. तीन वर्षं झाली मोडली त्याला."
मी दुसऱ्या दिवशी वाकून
शटरच्या खालच्या पट्टीवरून बोट फिरवलं.
गंज. धूळ.
बोटाला पिवळं काहीच लागलं नाही.
हळद्या माझ्याकडं बघत होता,
अक्षर न येणाऱ्याकडं
मास्तर बघतात तसा.

परवा डबा वाजला. पुण्याहून लेक.
"आई, दिवसभर करतेस काय?
टॅब पाठवलाय तो उघडलास का?"
म्हटलं, उघडला की,
त्याच्या खोक्याचा पुठ्ठा छान जाड आहे,
मोठा नकाशा त्याच्यावर घेतेय.

तो हसला. मग म्हणाला,
"आपलं घर दाखवलंयस ना त्यात?"

फोन ठेवून बघितलं तर खरंच नव्हतं.
खणभागातली आमची गल्ली, कोपऱ्यावरचा नळ,
मगदुमांची पायरी, सगळं जागच्या जागी,
आणि मधे कोरा कागद.

पेन्सिल उचलली, परत ठेवली.
बरोबरच आहे ते.
आपल्या दारापाशी तो हुंगायला थांबत नाही,
सरळ आत येतो.